डावा हात, उजव्याचं वावर

आमच्याकडच्या निम्म्या कोर्टकचेऱ्या धुऱ्यापायी, म्हणजे शेताच्या बांधापायी होतात. शेजाऱ्याचा वखर एक ओळ जरी अलीकडे आला, तरी दोन पिढ्या बोलणं बंद. अशा मुलखातल्या माणसाला पियानोवर डावा हात उजव्याच्या वावरात घालायला लावणं म्हणजे निव्वळ छळ.

लावणारा संगीतकार मोझार्ट. त्याच्या ए मेजर सोनाटात (अनेक भागांची वाद्यरचना, त्याच्या रचनांच्या यादीत के. ३३१), पहिल्याच भागातल्या चौथ्या व्हेरिएशनमध्ये, म्हणजे मूळ धून बदलून वाजवण्याच्या चौथ्या फेरीत, उजवा हात मधोमध राबत असतो. डावा खालचा सूर वाजवतो, उजव्यावरून उडी मारून वरच्या पट्ट्यांवर जातो आणि लगेच परत.

कृती ऐकायला सोपी. खालच्या हाताचं मनगट सखल ठेवायचं, वरच्यानं कमान करून जायचं, अन् हाताआधी नजर पोचवायची. माझी नजर पोचते. हात मागून येतो, उजव्याचा अंगठा तुडवत.

त्यात माझा पियानो म्हणजे ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड (खऱ्याला ८८ असतात), तोही मधल्या खोलीत. तिथं भाव वाढेल या आशेवर कापूस पार आढ्यापर्यंत रचलाय. डावा पलीकडे निघाला की अंग उजवीकडे कलतं, कोपर कापसात रुततं आणि ऐन वरच्या सुराला शिंक येते.

संगीतकार बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स (१७४१) दोन मजली हार्प्सिकॉर्डसाठी; म्हणजे पियानोआधीचं वाद्य, पट्ट्यांच्या दोन रांगा एकीवर एक. एक हात वर, एक खाली, कोणाची हरकत नाही. पियानोला मजला एकच, मग दोघं एकाच पट्टीवर भिडतात. बाखच्याच काळातल्या स्कार्लात्ती या संगीतकारानंही सोनाटांमध्ये असल्या उड्या भरपूर घातल्या. पुढं पोट सुटल्यामुळे सोडल्या म्हणे. दंतकथाच ती, पण माझ्या पोटाला पटते.

परवा भजनी मंडळाचे पेटीवाले आबाजी दारात उभे राहून बघत होते.

"काहून बाबू, इतल्या पट्ट्या मोकळ्या हायेत, मंग हातावर हात काहून चढवतं?"

"आबाजी, लिहिलंच तसं आहे."

"मंग त्यानं बाजूले दुसरा मानूस बसवाचा होता!"

मला उठवून ते स्वतः बसले. उजव्या हातानं अभंग सुरू झाला, डावा सवयीनं कीबोर्डच्या मागं भाता चाचपू लागला. तिथं नुसती वायर. एका कडव्यात आबाजी उठले.

"दम नाही याच्यात," म्हणाले.