नीरोच्या आईबद्दल थोडं

सकाळी चहा घेता घेता एक रील समोर आलं, इतिहासातल्या सगळ्यात वाईट आया, आणि पहिला नंबर कोणाचा तर अग्रिपिनाचा, रोमन सम्राट नीरोच्या आईचा. विष, सत्तेची हाव, नवऱ्याचा खून, सगळं मिनिटभरात उरकलं आणि खाली हसण्याच्या स्माइलींचा पाऊस. दिवसभर डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

मागच्या वर्षी मी आणि आई इटलीत नेपल्सजवळ बाया गावाला गेलो होतो. रोमन श्रीमंतांचे बंगले तिथे समुद्राखाली गेलेत, तळाला काच असलेल्या बोटीतून ते दाखवतात. अग्रिपिनाची हकिगत मी आईला त्या बोटीतच सांगितली. इ.स. 59, नीरोने आईला सणाला बायालाच बोलावलं, जेवू घातलं, निघताना गळ्यात पडला आणि मुद्दाम मोडेल असं बांधलेल्या जहाजात तिला बसवून दिलं. रात्री वरचं शिसं भरलेलं छत कोसळलं. सोबतची अचेरोनिया ‘मी अग्रिपिना, मला वाचवा’ म्हणून ओरडली तर तिला वल्ह्यांनी ठेचून मारलं. खरी अग्रिपिना, 43 वर्षांची, खांद्याला जखम, तोंडातून अवाक्षर न काढता पोहत सुटली. आणि घरी पोचल्यावर मुलाला निरोप काय पाठवला, तर देवाच्या कृपेने वाचले, तू लगेच भेटायला धावू नकोस, मला जरा आराम करू दे.

आई म्हणाली, “म्हणजे तिला सगळं कळलं होतं.”

अर्थात कळलं होतं! न कळल्याचं सोंग घेतलं तरच जगण्याची काही आशा होती. तेही चाललं नाही, त्याच रात्री माणसं पाठवून तिला घरात मारलं.

आता म्हणाल, ती तरी कुठे साधी होती. बरं, नव्हती. नवऱ्याला, सम्राट क्लॉडियसला, मशरूममधून विष तिनेच घातलं असेल, सावत्र मुलाचा हक्क तर डावललाच. मान्य. पण ती कुठून आली ते कोणी बघणार की नाही? चार वर्षांचीही झाली नव्हती तेव्हा बाप गेला, आईला तेव्हाच्या सम्राटाने, टायबेरियसने, बेटावर हद्दपार केलं, तिथे ती उपाशी मेली, दोन भाऊ असेच संपवले, तेराव्या वर्षी हिचं लग्न लावलं, तिसरा भाऊ कॅलिग्युला सम्राट झाला, त्याने हिलाच देशोधडीला लावलं. त्या घरात गरीब गाय होऊन राहिली असती तर विशीतच संपली असती, आणि मग आपण तिला बिचारी म्हणून मोकळे झालो असतो.

आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं, तिने स्वतः पुस्तक लिहिलं होतं, आपलं आयुष्य आणि घरच्यांचे भोग. ते हरवलं. त्यातल्या दोन गोष्टी तेवढ्या दुसऱ्यांच्या पुस्तकांतून आपल्यापर्यंत पोचल्या. एक रोमन इतिहासकार टॅसिटसने घेतलीये, तिची आजारी विधवा आई रडत टायबेरियसला म्हणते मला पुन्हा लग्न करू दे, आणि तो उत्तर न देता निघून जातो. दुसरी रोमन लेखक प्लिनीने, की नीरो पायाळू जन्मला. बस्स. राक्षसीण म्हणतात त्या बाईच्या लिखाणातून उरलं काय, तर आईचं रडणं आणि स्वतःचं बाळंतपण. बोटीत हे सांगितलं तेव्हा आई बराच वेळ पाण्याकडे बघत बसली, माझा भाऊ पायाळू आहे, त्या दोन दिवसांबद्दल ती आजही फार बोलत नाही. मग म्हणाली, “तेवढं सोसून आणलेला पोरगा.”

लिहिता लिहिता राग जरा उतरला होता, पण तत्त्वज्ञ सेनेका आठवला आणि परत चढला. कॉर्सिका बेटावरच्या हद्दपारीतून त्याला परत कोणी आणलं? अग्रिपिनाने, मुलाचा शिक्षक म्हणून. आणि तिच्या खुनानंतर सिनेटला जे पत्र गेलं, तिनेच कट केला होता वगैरे, ते सेनेकाच्या हातचं. बाकीचे सिनेटर आभाराचे ठराव करत होते, एकटा थ्रॅसिया उठून बाहेर गेला. आपल्या ग्रुपवर रोज सकाळी सेनेकाचे सुविचार येतात, शांत मन, सदाचार. टाका की, मी नको म्हणत नाही. पण तो ज्ञानी आणि ती विषारी, हे मला कोणी ऐकवू नका.