मुखपृष्ठावर चाळीस नमुने, आत माप एकालाही नाही

विणकामाच्या अंकाला पैसे मोजायचे ते मापांसाठी, फोटोंसाठी नव्हे! 10 सेंमीत 22 टाके की 20, हे छापायला अर्धी ओळ पुरते. 22 च्या हिशोबाने 90 सेंमी घेराला 198 टाके घातले आणि सैल हातामुळे 10 सेंमीत 20 च बसले, तर स्वेटर 99 सेंमीचा होतो. मग बसा उसवत.

लोकर म्हणे "8 गोळे". गोळा 25 ग्रॅमचा की 50 चा? मीटर किती? सुई "8 नंबर": जुन्या ब्रिटिश मापात ती 4 मिमी, अमेरिकन मापात 5 मिमी. परदेशी नमुना न तपासता उचलला की हा घोळ ठरलेलाच. नंबराशेजारी मिलिमीटर छापायला काय जातं?

आणि बाहीला नुसतं "टाके वाढवत जावे". किती ओळींनी? एका कडेला की दोन्ही?

त्यात अंक प्लास्टिकमध्ये सीलबंद, चाळायचीही सोय नाही. उघडा मिळालाच तर कोणताही एक नमुना पूर्ण वाचा. टाक्यांचं माप, सुईचे मिमी, लोकरीचे ग्रॅम-मीटर आणि आलेखातल्या (टाके दाखवणाऱ्या चौकटींच्या तक्त्यातल्या) खुणांचे अर्थ, यातलं एक जरी नसेल तर अंक परत ठेवा.