रूटचा कार्पेट एरिया

“डिस्कवर जागा शिल्लक नाही” हा संदेश ज्याने लिहिला, तो मुंबईत राहत नसावा. जागा नसणं ही इथे बातमी होत नाही. जागा नसतानाच इथे लग्नं होतात, मुलं वाढतात आणि गणपतीला पाहुणेही राहायला येतात. त्यामुळे तो संदेश आला तेव्हा मी शांतपणे ओके दाबलं आणि कामाला लागलो. कोर्टाच्या कागदपत्रांची भाषांतरं करणं हा माझा व्यवसाय. वकीलसाहेब फोर्टात खोळंबले होते, मजकूर तयार होता, आणि प्रिंट काही निघेना. प्रिंटर चालू, कागद घातलेला, शाई भरलेली. छापण्याआधी कागदाची एक प्रत /व्हार/स्पूल नावाच्या फोल्डरात टेकते म्हणे, आणि तिथे टेकायला जागा नव्हती.

या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स बसवलं ते माझ्या पुतण्याने. तो आता जर्मनीत असतो. जाण्याआधी त्याने ५१२ जीबीच्या डिस्कची वाटणी केली: रूटला, म्हणजे सिस्टिमच्या भागाला, २५ जीबी आणि उरलेलं सगळं होमला, म्हणजे माझ्या फाइलींना. “काका, सिस्टिमला फार लागत नाही, तुमचा डेटा महत्त्वाचा,” हे त्याचं वाक्य. माझा डेटा म्हणजे भाषांतरं, स्कॅन केलेले सातबारे आणि हिच्या भाचीच्या लग्नाचे फोटो. म्हणजे चारशे जीबीचा दिवाणखाना ओस आणि अख्ख्या घराचा स्वयंपाक मोरीत, अशी आमची अवस्था. सिस्टिम, तिचे प्रोग्रॅम, ते आणणारा पॅकेज मॅनेजर आणि तो /व्हार फोल्डर, सगळे त्या २५ जीबीत एकमेकांच्या अंगावर बसलेले.

त्यात ५१२ हा आकडाही खरा नव्हे. डिस्क बनवणारे १०० कोटी बाइट्सना एक जीबी म्हणतात, तर संगणक १०७ कोटी आणि वर काही लाख झाल्याशिवाय जीबी मोजत नाही. त्यामुळे डब्यावरचे ५१२ पडद्यावर ४७६ होतात. यालाच आमच्या कांदिवलीत सुपर बिल्ट-अप म्हणायचे. रेरा आल्यापासून निदान बिल्डरला तरी कार्पेट एरिया सांगावा लागतो. डिस्कवाल्यांना रेरा नाही. शिवाय ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत, नेहमीच्या सेटिंगमध्ये पाच टक्के जागा रूट युजरसाठी, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य कारभाऱ्यासाठी, बाजूला काढते. ती माझ्याच मालकीची, पण मला वापरता येत नाही. पार्किंगबद्दल आमची कमिटी हेच सांगते.

जागा कुणी खाल्ली हे बघायला डीएफ नावाची आज्ञा आहे. ती दिली आणि पडद्यावर यादी उतरली. ही चष्मा लावून माझ्या खुर्चीमागे उभी.

“अहो, हे काय? लूप शून्य, शंभर टक्के. लूप एक, शंभर टक्के. लूप दोन, शंभर टक्के. सगळंच भरलंय की!”

“ते तसंच असतं.”

“शंभर टक्के भरलेलं तसंच असतं?”

तिला समजावणं भाग होतं. स्नॅप नावाची एक व्यवस्था आहे. तिच्यात प्रत्येक प्रोग्रॅम एकेका दाबून बांधलेल्या फाइलमधून येतो, आणि ती फाइल न उघडता, जशीच्या तशी ‘लूप’ नावाची डिस्क म्हणून जोडली जाते. आत नवं काही लिहिता येत नाही, म्हणून मोकळी जागा शून्य. “ते भरलेलं नाही, भरूनच येतं,” मी म्हणालो. हिने चष्मा काढला. “आणि हे तुम्हाला कुठून कळलं,” असा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर होता, पण तो तिने विचारला नाही, कारण उत्तर लांबतं हे तिला अनुभवाने माहीत आहे.

स्नॅप प्रोग्रॅमची आधीची आवृत्तीही जपून ठेवतं, नवी बिघडली तर परतायची सोय म्हणून. तो मुक्काम /व्हार/लिब/स्नॅपडी. शेजारी /व्हार/लिब/फ्लॅटपॅक, स्नॅपसारखीच दुसरी व्यवस्था, तिचा वेगळा संसार. आणि /व्हार/कॅश/ॲप्ट/अर्काइव्ह्जमध्ये आजवर उतरवलेल्या प्रत्येक पॅकेजची डेब फाइल, म्हणजे प्रोग्रॅम ज्यात बांधून येतो ते गाठोडं. पॅकेज मॅनेजरची ॲप्ट ही आज्ञा वापरली तर बसवून झाल्यावर ती डेब पुसते, ॲप्ट-गेट पुसत नाही. पुतण्याने जाताना वहीत लिहून दिलेली आज्ञा कोणती होती हे सांगायला नकोच. आर्च लिनक्स या दुसऱ्या घराण्याचा पॅकेज मॅनेजर, पॅकमॅन, तर जुनी पॅकेजं आपणहून कधीच टाकत नाही, आपण सांगेपर्यंत. सासूबाई पॅकमॅनच्या बाजूच्या होत्या. “असू दे, लागेल,” एवढं म्हणून त्यांनी श्रीखंडाचे रिकामे डबे माळ्यावर चढवले ते अजून तिथेच आहेत.

ॲप्ट-गेट क्लीन म्हटलं आणि काही जीबी हवेत गेले. केवढा आनंद झाला!

“पुन्हा लागलं तर?” ही म्हणाली.

“पुन्हा उतरवता येतं. म्हणून तर ते कॅशमध्ये होतं.”

या एका फरकासाठी मला लिनक्सवाल्यांचं कौतुक वाटतं. फाइलसिस्टिम हायरार्की स्टँडर्ड म्हणून त्यांचं एक नियमपत्रक आहे. त्याचं पहिलं रूप १९९४ सालचं, आणि तिसरी आवृत्ती २०१५ ची. त्यात /व्हार/कॅश म्हणजे उद्या नाहीसं झालं तरी पुन्हा तयार करता येईल असं, आणि /व्हार/लिब म्हणजे हात लावाल तर पस्तावाल असं, ही वाटणी स्पष्ट आहे. घरात अशी पाटी लावायची माझी फार इच्छा आहे. लावली तर प्रत्येक वस्तू लिबमध्ये जाईल, तो भाग निराळा.

लिनक्सच्या डेबियन आणि उबुंटू घराण्यात त्या लिबमधली खरी मौल्यवान चीज /व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस. साधी मजकुराची फाइल. कुठलं पॅकेज बसवलंय, कितवी आवृत्ती, कशावर अवलंबून, सगळं ओळीने लिहिलेलं. ही फाइल गेली तर प्रोग्रॅम जागेवरच राहतात, पण पॅकेज मॅनेजर त्यांना ओळख देत नाही. भीतीपोटी तिच्या जुन्या प्रती /व्हार/बॅकअप्समध्ये ठेवल्या जातात. मी ती उघडून वाचली. पॅकेजागणिक एक ओळ येते: “स्टेटस: इन्स्टॉल ओके इन्स्टॉल्ड.” वाटतं, मुलाने शुद्धलेखनाची शिक्षा म्हणून लिहून काढलंय. पण तिन्ही शब्दांना काम आहे. पहिला सांगतो तुम्हाला काय हवं होतं, दुसरा सांगतो मध्ये काही बिघडलं का, आणि तिसरा सांगतो प्रत्यक्षात काय झालं. एवढा प्रामाणिकपणा मी आमच्या बिल्डरच्या पझेशन लेटरमध्येही पाहिला नाही. तिथे फक्त पहिला शब्द होता.

आता ही यादी ठेवायची कुठे, यावर मोठमोठ्या लोकांचे मतभेद आहेत. फेडोरा या लिनक्सच्या दुसऱ्या घराण्याने २०२२ मध्ये, आपल्या ३६व्या आवृत्तीत, आरपीएम या आपल्या पॅकेज मॅनेजरची यादी /व्हारमधून उचलून /यूएसआर/लिब/सिसइमेजमध्ये नेली. सुसे या आणखी एका लिनक्सचे लोक त्याआधीच तिथे पोचले होते. कारण ऐकण्यासारखं आहे. या लोकांना सिस्टिमचा स्नॅपशॉट, म्हणजे आहे त्या स्थितीची प्रत, घेऊन, बिघडलं तर कालच्या स्थितीत परत जायचं असतं. प्रोग्रॅम /यूएसआरमध्ये आणि यादी /व्हारमध्ये असेल, आणि परत नेताना फक्त प्रोग्रॅम गेले, तर यादी आजची आणि सामान कालचं. मग भांडण. यादीने सामानाबरोबर राहावं, हे मला शंभर टक्के पटतं. डेबियनवाल्यांना अजून पटलेलं नाही, पण ते सावकाश पटवून घेणारे लोक आहेत.

मुळात हे /यूएसआर तरी नीट विचार करून झालं का? छे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची या युनिक्सच्या (लिनक्सच्या पूर्वजाच्या) जनकांच्या पीडीपी-११ संगणकाची पहिली डिस्क भरली. शेजारच्या दुसऱ्या डिस्कवर, म्हणजे /यूएसआरमध्ये, युजरांची घरं होती, तिथे त्यांनी उरलेले प्रोग्रॅम सरकवले. झालं. पुढे चाळीस वर्षं जगभरच्या विद्वानांनी, कोणता प्रोग्रॅम /बिनमध्ये आणि कोणता /यूएसआर/बिनमध्ये, याची तात्त्विक कारणं शोधली. शेवटी फेडोराने २०१२ मध्ये दोन्ही एकत्र केले. “तात्पुरतं इथे ठेवूया” हे वाक्य आमच्या घरात रोज उच्चारलं जातं, म्हणून त्या दोघांबद्दल मला आपुलकी वाटते.

नियमपत्रकात एक स्पष्ट कलम आहे: प्रोग्रॅमने थेट मुळाशी, म्हणजे / मध्ये, स्वतःचा नवा फोल्डर काढू नये. यावर निक्स नावाच्या पॅकेज मॅनेजरने काय करावं? /निक्स काढला. त्याच्याच जातीच्या गिक्सने /जीएनयू. स्नॅपने /स्नॅप. निक्सची बाजू मला पटते, ती कबूल करतो. प्रत्येक पॅकेजच्या नावाला बत्तीस अक्षरांची खूण लावून ते स्टोअरमध्ये ठेवतात, त्यामुळे एकाच प्रोग्रॅमच्या दोन आवृत्त्या सुखाने नांदतात, आणि पत्ता आधीच प्रोग्रॅमच्या पोटात कोरलेला असल्याने घर बदलता येत नाही. होमब्रू हा आणखी एक पॅकेज मॅनेजर तर लिनक्सवर थेट /होममध्ये स्वतःसाठी लिनक्सब्रू नावाचा माणूस वसवतं. कारण तेच, तयार पॅकेजांच्या पोटात पत्ता पक्का असतो.

मला खटकतो तो स्नॅपचा दुसरा फोल्डर. तो माझ्या होममध्ये, माझ्या भाषांतरांच्या शेजारी, ठिपक्याचा बुरखाही न घेता (नावाआधी ठिपका असला की फोल्डर दिसत नाही) उघडा बसतो. इतरांना होममध्येच .कॅश आणि .लोकल असे ठरवून दिलेले आडोसे आहेत. पॅसेजमध्ये चपलांचं कपाट ठेवणाऱ्या शेजाऱ्याशी मी दोन शब्द बोलू शकतो, सेक्रेटरींकडे अर्ज करू शकतो. इथे अर्ज कुणाला करणार?

माझा निकाल लागला होता. यादी सामानाबरोबर, उतरवलेल्या फाइली कॅशमध्ये, आणि माझ्या घरात येताना आधी विचारणं. पण निकाल लावून प्रिंट निघत नाही. मग मी रविवारी पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केला, डिस्कची वाटणी बदलणारं जीपार्टेड उघडलं आणि होमची भिंत उजवीकडे सरकवायला घेतली. रूट डावीकडे, होम लगेच चिकटून. भिंत सरकवायची म्हणजे आतला प्रत्येक बाइट उचलून पुढे ठेवायचा. पडद्यावर निळी पट्टी मुंगीच्या गतीने पुढे सरकत होती. आणि घरात कुणीही चार्जरच्या वायरीला हात लावू नये म्हणून हिने वायरीच्या दोन्ही बाजूंना खुर्च्या लावल्या.

संध्याकाळी रूट ६० जीबीचा झाला. वकीलसाहेबांचा मजकूर छापला. मी पुतण्याला विजयाने फोन लावला.

“छान केलंत, काका,” तो म्हणाला. “आता एक करा, टाइमशिफ्ट टाका. सिस्टिमच्या जुन्या प्रती ठेवतं, पुन्हा काही बिघडलं तर लगेच मागे जाता येईल.”

“प्रती कुठे ठेवतं?”

“डिस्क निवडायला देतं. एकच डिस्क असेल तर, म्हणजे... रूटमध्येच ठेवतात बहुतेकजण.”

“किती जागा लागते?”

“फार लागत नाही.”