एकच निविदा आली, तर फेरनिविदा सक्तीची?

'एकच निविदा आली की प्रक्रिया आपोआप रद्द' असा मेसेज फिरतोय. केंद्राच्या कामांना तो लागू नाही. सामान्य वित्तीय नियम, 2017 आणि केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या 29 ऑक्टोबर 2021 च्या सूचनांनुसार एकच निविदाही वैध ठरते. मात्र प्रसिद्धी पुरेशी हवी, पात्रतेच्या अटी अकारण जाचक नकोत आणि दर वाजवी हवा. (राज्याच्या कामांना राज्याचे शासन निर्णय पाहावेत, घोळ बहुधा तिथेच होतो.)

खरी तपासणी अटींची. 5 कोटींच्या कामाला ठेकेदाराने पूर्वी केलेली 2 कोटींची तीन किंवा 4 कोटींचे एक समान काम मागणे रूढ आहे. पण रस्त्याच्या कामाला 'हॉटमिक्स प्लांट (गरम डांबर-खडीचं मिश्रण बनवणारं यंत्र) कामापासून 20 किलोमीटरच्या आत, तोही स्वतःच्या मालकीचा' असं लिहिलं की एकच ठेकेदार उरतो, आणि तो कोण हे गावाला आधीच ठाऊक असतं! तिथे अट दुरुस्त करूनच निविदा पुन्हा बोलवावी.

दर तपासताना जुन्या दरसूचीवर विसंबू नये. सिमेंट, सळई, डांबर, मजुरी यांच्या चालू बाजारभावावरून दर पृथक्करण, म्हणजे दराची घटकवार फोड, करावं. उगाच फेरनिविदा काढली तर उघडलेला दर सगळ्यांना कळलेला असतो, मग खरी स्पर्धा उरत नाही.