सोळा तास समुद्र, सत्तर मिनिटं फुटबॉल

इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये वरच्या चार पायऱ्यांवर मिळून ९२ क्लब आहेत. आमचा क्लब त्यांत आहे, पण यादी खालून वाचायला घेतली तर लवकर सापडतो. नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही 'अच्छा' म्हणाल, आणि त्या 'अच्छा'तली सहानुभूती आम्हाला ऑगस्ट ते मे भरपूर मिळते.

खरा प्रश्न जून-जुलैचा. लीग बंद, मैदानावर नवं गवत पेरलेलं, आणि शनिवारी दुपारचे तीन वाजले की निष्ठावंत माणसं घरात येरझाऱ्या घालतात. अशा दिवसांत क्लबनं जाहीर केलं की संघ तयारीसाठी नेदरलँड्सला जाणार आणि तिथे एक सराव सामना खेळणार. या सामन्याला गुण नसतात, चषक नसतो, त्याचा निकाल कुठल्या तक्त्यात चढत नाही. आमचे मॅनेजर तर आधीच सांगून मोकळे झाले की निकालाला महत्त्व नाही, पोरांचा दमसास वाढला पाहिजे. एवढं ऐकल्यावर शहाण्या माणसानं घरी बसावं. समर्थक मंडळाच्या सेक्रेटरींनी त्याच संध्याकाळी बोटीची चौकशी केली.

बोट कशाला, असं मी विचारलं. न्यूकॅसलहून अ‍ॅमस्टरडॅमला विमान सव्वा-दीड तासात जातं. सेक्रेटरी निवृत्त पोस्टमन आहेत. पत्ता चुकलेल्या पाकिटाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ढोल विमानात घेतात का?" ते म्हणाले. शिवाय बोटीत रात्रीची झोप होते, हॉटेलचे पैसे वाचतात. झोप हा शब्द त्यांनी कोणत्या आधारावर वापरला, ते मला पुढेही कळलं नाही.

बोटीचं वेळापत्रक असं: संध्याकाळी पाचला टाइन नदीच्या मुखाजवळ नॉर्थ शील्ड्सहून निघायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेदहाच्या सुमारास डच किनाऱ्यावर आयमॉयडनला उतरायचं, आणि त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या बोटीनं परत. सामना दुपारी दोनला. "दोन ते पाच, तीन तास!" सेक्रेटरी म्हणाले. बोट पाचला सुटते म्हणजे तिचं फाटक पाचला बंद होतं असं नाही, ही गोष्ट त्या तीन तासांत धरलेली नव्हती.

बाकीच्यांपुढे एकच प्रश्न होता, कोणत्या सालची जर्सी घालायची. मला व्हिसा काढायचा होता. भारतीय पासपोर्टवर इंग्लंडात राहणाऱ्याला समुद्रापलीकडे पाय टेकायला शेंगेन व्हिसा लागतो. त्याची फी ९० युरो, वर किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा. आमच्या सेंटर फॉरवर्डला घ्यायला क्लबनं एवढे मोजले असतील असं त्याच्या खेळाकडे बघून वाटत नाही. बायको म्हणाली, "अहो, आपली माणसं हरताना बघायला ९० युरो? इथे तर बसच्या तिकिटात हरतात."

व्हिसाच्या काउंटरवरच्या बाईंनी प्रवासाचा हेतू विचारला. फुटबॉल, मी म्हणालो.

"कोणती स्पर्धा?"

"स्पर्धा नाही. सराव सामना."

"तुम्ही खेळाडू?"

त्यांनी माझ्या पोटाकडे न बघता विचारलं, हा त्यांचा चांगुलपणा. मी म्हटलं, प्रेक्षक. मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "ज्या सामन्याला अर्थ नाही तो बघायला तुम्ही रात्रभर बोटीनं जाणार आणि त्याच दिवशी परत येणार?" अर्जातली माहिती त्यांनी तंतोतंत वाचली होती, मला आक्षेप घेता येईना. 'पर्यटन' असं लिहून दिलं.

फुटबॉलचे समर्थक बोटीवर चढणार म्हटलं की बंदरावरची माणसं अजूनही जरा ताठ उभी राहतात. त्याला इतिहास आहे. १९८६च्या ऑगस्टमध्ये हारविचहून हुक ऑफ हॉलंडला निघालेल्या बोटीवर मँचेस्टर युनायटेड आणि वेस्ट हॅमच्या समर्थकांत अशी जुंपली, की कप्तानानं बोट वाटेतून फिरवून परत आणली. ती मंडळीही सराव सामन्यांनाच निघाली होती. आमच्या टोळीकडे बघून मात्र सुरक्षारक्षकाचा चेहरा हळूहळू उतरत गेला. रक्तदाबाच्या गोळ्या, गुडघ्याचे पट्टे, कानाच्या यंत्राच्या बॅटऱ्या. हत्यार म्हणण्याजोगं एकच निघालं, आमच्या सर्वांत ज्येष्ठ आजींच्या विणायच्या सुया. त्या क्लबच्या रंगातला मफलर विणत होत्या. जुलैमध्ये.

आता केबिन. आम्ही स्वस्तातली घेतली होती, म्हणजे बोटीच्या पोटात, बिनखिडकीची, चार बंकांची. त्यांतला एक बंक ढोलाला गेला. बोट सुटल्यावर गाड्यांचा मजला बंद करतात, आणि ढोलाला तिथे रात्रभर एकटं ठेवायला ढोलवाला तयार नव्हता. ढोल खालच्या बंकवर, त्याच्या वर ढोलवाला, समोर खाली सेक्रेटरी आणि वर मी. न्हाणीघर इतकं आटोपशीर, की दार लावण्याआधी माणसानं आपण कुठल्या तोंडाला उभं राहायचं ते ठरवावं. आत गेल्यावर मत बदलता येत नाही.

टाइनच्या मुखाशी दोन लांबच लांब धक्के समुद्रात गेलेले आहेत. त्यांच्या आत असेपर्यंत आम्ही सगळे दर्यावर्दी होतो. डेकवर उभं राहून टाइनमथच्या पडक्या मठाला हात करत होतो, गाणी म्हणत होतो. धक्के मागे पडले आणि उत्तर समुद्रानं बोट खालून जरा उचलून बघितली. गाण्याचं दुसरं कडवं निम्म्याच लोकांनी म्हटलं. तिसऱ्याला आजी एकट्या होत्या.

समुद्र लागलेल्या माणसाला औषध सांगायचा मोह कुणालाच आवरत नाही. आल्याची बिस्किटं खा. काही खाऊ नको. बारमध्ये चल, बँड आहे, लक्ष दुसरीकडे जाईल. यातल्या शेवटच्या सल्ल्यानं माझं लक्ष खरोखर दुसरीकडे गेलं, म्हणजे नाचणाऱ्या माणसांकडे. ती डावीकडे जात तेव्हा जमीन उजवीकडे येई. एक अनुभवी गृहस्थ म्हणाले, क्षितिजावर नजर ठेव. मी बिनखिडकीच्या केबिनमध्ये जाऊन भिंतीवर नजर ठेवली.

रात्री दीड-दोनच्या सुमारास वारा वाढला आणि ढोल बंकवरून खाली आला. धडाम. मग तो केबिनभर फिरू लागला. लाट डावीकडून आली की दारावर धडाम, उजवीकडून आली की सेक्रेटरींच्या बंकवर धडाम. ढोलवाला झोपेतच प्रत्येक ठोक्याला क्लबचं नाव पुटपुटत होता. शेजारच्या केबिनमधून कुणीतरी भिंतीवर बुक्की मारली, तर ह्यानं त्यालाही उत्तर दिलं.

सकाळी कर्ण्यावरून उठवण्यात आलं. तिकडचं घड्याळ एक तास पुढे, त्यामुळे न झालेल्या झोपेतला एक तास अधिकृतपणे कापला गेला. आणि न्याहारीला सगळे जिवाच्या आकांतानं खात होते. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमधून युरोपीय संघात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. २०२१च्या जानेवारीत डच अधिकाऱ्यांनी लॉरीचालकांची हॅम सँडविचं काढून घेतली होती, ते दृश्य टीव्हीवर बघून आमच्यातल्या प्रत्येकानं मनाशी काहीतरी ठरवलेलं होतं. दिवसभरासाठी बांधून आणलेले सॉसेज रोल, पोर्क पाय, चीजचे चौकोन, सगळं उतरायच्या आत संपवायची मोहीम चालू होती. रात्री ज्यांच्या पोटात पाणी ठरलं नव्हतं, तेसुद्धा देशासाठी म्हणून एकेक रोल घेत होते.

डेकवर आलो तर बंदराच्या डाव्या हाताला धुराडी, भट्ट्या, अफाट पसरलेला पोलाद कारखाना. टाटांचा. डच लोकांनी १९१८ मध्ये सुरू केलेली ही कंपनी पुढे कोरसमध्ये विलीन झाली, आणि २००७ मध्ये टाटांनी कोरस घेतली. रात्रभर समुद्रानं पिळून काढलेल्या अवस्थेत परक्या देशाचा किनारा दिसावा आणि त्यावर टाटा असावेत, याचं मला फार बरं वाटलं. मी छाती काढून सगळ्यांना माहिती दिली. ढोलवाल्यानं कारखान्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मग तू आमच्याबरोबर खालच्या केबिनमध्ये काय करतोस?"

पासपोर्टच्या रांगेत मात्र माझा दिवस होता. पूर्वी ब्रिटिश मंडळी युरोपीय नागरिकांच्या रांगेतून तरंगत निघून जायची. आता ती माझ्या रांगेत. कुठे राहणार, परत कधी, तिकीट दाखवा. आयुष्यात पहिल्यांदाच असे प्रश्न ऐकणाऱ्या माणसांचे चेहरे बघण्यासारखे होते. या कलेत मी मुरलेला. कागद हातात उलट्या क्रमानं धरून, विचारायच्या आत पुढे सरकवत, मी पाचांना मार्गदर्शन केलं. सेक्रेटरींना अधिकाऱ्यानं येण्याचं कारण विचारलं, तेव्हा मागून मीच ओरडलो, "पर्यटन म्हणा!"

सामना मोठ्या स्टेडियमवर नव्हताच. एका हौशी क्लबच्या क्रीडासंकुलात होता. चारी बाजूंनी लोखंडी कठडा, कडेला सायकलींचा समुद्र (हा मात्र हलत नव्हता), आणि एक कँटीन. कँटीनमध्ये पैसे चालत नाहीत. आधी एका खिडकीवर पैसे देऊन प्लॅस्टिकची टोकनं घ्यायची, मग दुसऱ्या खिडकीवर टोकनं देऊन बिअर. आमच्या लोकांनी घाबरून इतकी टोकनं घेतली, की निघताना खिसे वाजत होते. आणि बिअर आली ती पाव लिटरच्या ग्लासात, वर दोन बोटं फेस, तोही वरून सपाट कापलेला. इंग्लिश पाइंट ५६८ मिलिलिटरचा असतो आणि तो काठोकाठ भरलेला लागतो. फेसाखाली बोट धरून एका ज्येष्ठ समर्थकानं बारवरच्या मुलीला सांगितलं, "बाळ, हे अजून भरायचं राहिलंय." ती गोड हसली आणि पुढच्याला तेवढाच फेस दिला.

सामन्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. जर्सीवर नावं नव्हती. खेळाडूंच्या यादीत दोन जागी नावाऐवजी 'ट्रायलिस्ट ए' आणि 'ट्रायलिस्ट बी' असं छापलेलं. क्लब ज्यांना घ्यावं की न घ्यावं या विचारात असतो ते हे उमेदवार. ढोलवाल्यानं ट्रायलिस्ट बीसाठी जागच्या जागी गाणं रचलं, त्यात यमक उत्तम जमलं होतं. मध्यंतरानंतर दोन्ही संघांनी अकराच्या अकरा माणसं बदलली. कर्ण्यावर नावं सांगणाऱ्या डच गृहस्थांनी चार-पाच बदल जाहीर केले, मग नाद सोडून संगीत लावलं.

आणि तरीही त्या कठड्याला टेकून उभं राहणं मला आवडलं, हे लिहिलं पाहिजे. वर्षभर या माणसांचे चेहरे मी पाहतो ते कळवळलेले असतात. इथे चेंडू गोलखांबाच्या दहा हात बाहेर गेला तरी टाळ्या. ज्यात काही गमावायचंच नाही असा वर्षातला हा एकच सामना, आणि तो बघायला ती इतक्या हालातून आली होती. मॅनेजरांच्या भाषेत सांगायचं तर हा आमचाही दमसास होता.

आमच्या बसचा डच चालक शिस्तीचा माणूस. "साडेतीनला बस निघेल," त्यानं सकाळीच सांगितलं होतं. "तीन एकतीसला तुम्ही चालत निघाल." सत्तराव्या मिनिटाला, गोल शून्य-शून्य असताना, सेक्रेटरींनी शिट्टी फुंकली. खऱ्या पंचानं दचकून मागे बघितलं. आम्ही ढोल उचलला, आजींनी लोकर गुंडाळली, आणि डच प्रेक्षकांच्या कुतूहलपूर्ण नजरांतून रांगेनं बाहेर पडलो.

पुढे एका कालव्यावरचा पूल वर उचललेला. खालून एक शिडाची नाव निवांत चालली होती. तिच्यावरच्या माणसानं आम्हाला हात केला. कुणी उलट केला नाही, सगळ्यांची नजर घड्याळावर. तेवढ्यात फोन वाजले. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला गोल! आमचा! मारणारा: ट्रायलिस्ट बी.

बसमध्ये जो आरडाओरडा झाला, त्यानं दचकून चालकानं बसचा बंद दरवाजाच उघडला. मग हळूहळू शांतता पसरली. एवढा समुद्र ओलांडून आलेल्यांपैकी एकानंही तो गोल पाहिला नव्हता. "व्हिडिओ असेल की!" कुणीतरी म्हणालं. सगळे मागच्या बाकाकडे वळले. क्लबसाठी हौसेनं चित्रीकरण करणारा मुलगा तिथेच बसला होता, कॅमेरा मांडीवर, पिशवीत बंद. त्याचंही तिकीट पाचच्याच बोटीचं होतं.

परतीच्या रात्री बारमध्ये त्या गोलाला आकार येत गेला. आठ वाजता तो नुसता गोल होता. नऊला डाव्या पायाचा झाला. दहाच्या सुमारास चेंडू मैदानाच्या मध्यापासून नेला गेला, वाटेत तीन डच बचावपटू बसवले गेले, आणि अकराला आजींनी मफलर खाली ठेवून सांगितलं, की त्यानं मारण्याआधी आपल्याकडे बघितलं होतं. कुणीही हरकत घेतली नाही. नॉर्थ शील्ड्सला पासपोर्ट तपासणाऱ्या माणसानं जर्सी बघून स्कोअर विचारला. एक-शून्य, मी म्हणालो, आणि विचारलं नसताना सांगितलं: वरच्या कोपऱ्यात, डाव्या पायानं.

ट्रायलिस्ट बीला क्लबनं घेतलं नाही. लीग सुरू झाली, आणि घरच्या मैदानावरच्या पहिल्याच सामन्यात सत्तराव्या मिनिटाला आम्ही शून्य-तीन असे मागे होतो. ढोलवाला सेक्रेटरींकडे झुकून म्हणाला, "निघायचं का? आपण गेलो की आपला गोल होतो." सेक्रेटरींनी घड्याळ बघितलं, क्षणभर विचार केला आणि उठले. त्यांच्यामागे आख्खी रांग उठली. आम्ही फाटकाबाहेर पडेपर्यंत चौथा बसला होता.