सरकट्याला डोके नाही, प्रेक्षकाला तरी असावे

‘स्त्री २’ प्रदर्शित होऊन बराच काळ लोटला, तरी आमच्या नातेवाइकांमधला त्यावरचा वाद मिटायला तयार नाही, आणि त्या वादात शेवटी जे एक वाक्य माझ्यावर फेकले जाते त्याने माझा दर वेळी संताप होतो. ‘विनोदी भुताचा सिनेमा आहे ताई, डोकं बाजूला ठेवून बघायचा असतो,’ असे माझा रत्नागिरीचा मावसभाऊ सुनावतो आणि वर, मी तोक्योत राहते म्हणून, ‘तुम्ही तिकडची माणसं प्रत्येक गोष्टीत अर्थ काढत बसता,’ अशी पुस्तीही जोडतो. ज्या चित्रपटातील सरकटा नावाच्या राक्षसाच्याच धडावर डोके नाही, त्याला जाताना प्रेक्षकानेही आपले डोके घरी ठेवावे, हा आग्रह खरे तर मला गमतीचा वाटायला हवा होता.

डोके बाजूला ठेवायचे ठरवले, तर निदान मतेही बाजूला ठेवावीत. पण तसे कोणी करत नाही. यशाचे श्रेय राजकुमार रावचे की श्रद्धा कपूरचे, यावर आमच्याकडे दोन तट पडले. श्रद्धा पडद्यावर किती वेळ दिसते हे घड्याळ लावून मोजल्यासारखे सांगितले गेले, आणि तिची आई शिवांगी कोल्हापुरे असल्यामुळे ‘शेवटी आपलीच मुलगी’ म्हणून एका मामींनी आपले मत तिच्या पारड्यात टाकले. कोणी पाचशे कोटींच्या पुढचा गल्ला हाच चित्रपटाचा दर्जा मानला, तर कोणी अक्षय कुमार अचानक अवतरला त्या क्षणी चित्रपटगृहात किती शिट्ट्या पडल्या, ते वर्णन करून सांगितले. एवढे सगळे डोके लढवून झाल्यावर चित्रपटातील राक्षस नेमका कोण, या प्रश्नापाशी मात्र ते बाजूला ठेवायचे असते.

मला बोलायचे आहे ते त्याच प्रश्नावर. २०१८ च्या पहिल्या भागाला जी लोककथा आधाराला होती, ती कर्नाटकात नव्वदच्या दशकात पसरलेल्या ‘नाळे बा’ या अफवेशी नाते सांगणारी होती: रात्री दार वाजवणाऱ्या चेटकिणीला ‘उद्या ये’ असे भिंतीवर लिहून परतवायचे. चित्रपटातील चंदेरी गावात हीच भीती पुरुषांच्या वाट्याला आली, एवढीच काय ती उलटापालट, आणि सगळा विनोद त्यातून आपोआप उगवला. रात्री एकट्याने बाहेर पडायचे नाही, पडायचेच असेल तर साडी नेसून पडायचे, हे नियम पुरुष निमूटपणे पाळू लागल्यावर पडद्यावर कोणाला भाषण करावे लागले नाही. दुसऱ्या भागात सरकटा येतो, नव्या विचारांच्या मुलींना उचलून नेतो आणि गावातील पुरुषांच्या मनाचा ताबा घेतो. मग तेच पुरुष बायकांना घरात डांबू लागतात. ही कल्पना पहिल्या भागापेक्षा अधिक भयंकर आहे, हे मी मान्य करते, आणि ‘पहिलाच बरा होता’ असे म्हणणाऱ्यांच्या गटात मी म्हणूनच बसत नाही. माझी तक्रार अशी आहे की, या कल्पनेतील धार लेखकांनी स्वतःच बोथट केली. पुरुष असे वागतात ते त्यांच्यावर मंत्र टाकल्यामुळे. राक्षस मेला की मंत्र उतरतो आणि सगळे पुन्हा निर्दोष ठरतात. कोणालाही घरी जाऊन बहिणीची किंवा बायकोची क्षमा मागावी लागत नाही. पहिल्या भागातील पुरुषांना इतकी सोयीस्कर सुटका मिळाली नव्हती.

तमन्नाच्या नृत्यगीताचेही तसेच. सरकटा तिच्या मागावर येतो, तेव्हा कथेला ते गाणे हवेच, हा भावाचा मुद्दा आहे. कथेला तिचे नाचणे हवे असेल. पण कॅमेरा तिच्या अंगावरून ज्या प्रकारे फिरतो, ते फिरणे कथेला कुठे हवे होते? बायकांवर नजर ठेवणाऱ्या राक्षसाच्या चित्रपटात चार मिनिटे तीच नजर प्रेक्षकाला उसनी दिली जाते, आणि त्यावर बोलणारा अरसिक ठरतो.

हे सगळे मी इतक्या चिडून का लिहिते, त्याला त्या दिवसांचेही कारण आहे. कोलकात्यातील रुग्णालयात तरुण डॉक्टरवर अत्याचार होऊन तिचा खून झाला तो ९ ऑगस्ट २०२४ रोजी. त्यानंतर १४ ऑगस्टच्या मध्यरात्री बंगालमधील हजारो स्त्रिया ‘रात्र आमचीही आहे’ हे सांगण्यासाठी रस्त्यावर उतरल्या. नेमक्या त्याच रात्री देशभर ‘स्त्री २’ चे पहिले खेळ चालू होते. बायकांना रात्री घराबाहेर पडू न देणारा राक्षस चित्रपटगृहात आणि त्याच कारणासाठी बायका रस्त्यावर, असा योग कोणी जुळवून आणला असता तर तो बटबटीत वाटला असता. आमच्या मंडळींनी त्या आठवड्यात दोन्ही विषयांवर भरभरून लिहिले, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध जोडला नाही.

इकडे तोक्योत राहून मला जे दिसते, ते मी भावाला ऐकवते. ‘किंग काँग विरुद्ध गॉडझिला’ हा ऑगस्ट १९६२ चा चित्रपट घ्या. गॉडझिला मालिकेतील तो तिसरा भाग, आणि चक्क विनोदी. एका औषध कंपनीच्या जाहिरात विभागाचा प्रमुख आपल्या प्रायोजित दूरचित्रवाणी कार्यक्रमाला प्रेक्षक मिळत नाहीत म्हणून हवालदिल आहे, आणि त्यावर उपाय म्हणून तो दूरच्या बेटावरून राक्षस आणवतो. घरोघरी दूरचित्रवाणी संच पोहोचू लागले होते त्या काळावरची ती थट्टा आहे. दिग्दर्शक इशिरो होंदा यांनी राक्षसांना एकमेकांवर दगड भिरकवायला लावले, पण थट्टा कोणाची चालली आहे, याचा विसर कोठेही पडू दिला नाही. प्रेक्षक पोट धरून हसले आणि डोकेही जागेवर राहिले. पुढे १९६५ च्या भागात हाच गॉडझिला विजयाच्या आनंदात टुणटुण उड्या मारत नाचला आणि त्यानंतरची कित्येक वर्षे लहान मुलांचा लाडका होऊन बसला, हे मात्र मी भावाला सांगितलेले नाही. त्याला ते इतर कोठून कळले तर माझा नाइलाज आहे.

त्याने मला पकडले ते दुसरीकडेच. ‘तिकडे एवढे शहाणे प्रेक्षक आहेत, तर तुमच्या गाडीत बायकांचा वेगळा डबा कशाला लागतो?’ असे त्याने विचारले. सकाळी भुयारी रेल्वेच्या तोझाई मार्गावर मी निशी-कासाईहून त्याच डब्यात चढते, आणि शिक्षण संपवून मुंबईत नोकरी करताना ज्या सुटकेच्या भावनेने लेडीज डब्यात शिरत असे तीच भावना इथेही असते. सरकट्याला व्हिसा लागत नाही, असे काहीतरी उत्तर मी त्याला दिले; ते चुरचुरीत होते, एवढेच.

भुतांच्या बाबतीत तर इथले लोक आपल्याला वरचढ आहेत. ओबोन या ऑगस्टमधल्या पितरांच्या सणाच्या आगेमागे, घामाने जीव नकोसा झालेला असताना, अंगावर काटा आणणाऱ्या गोष्टी सांगायच्या हा इथला रिवाज. १९७९ साली कानापर्यंत तोंड फाटलेल्या, मास्क लावून फिरणाऱ्या कुचिसाके-ओन्नाच्या अफवेने मुले शाळेतून घोळक्याने घरी जाऊ लागली होती. ‘मी सुंदर दिसते का?’ असे ती विचारते, आणि ‘पोमेड, पोमेड’ (केसांना लावायचे मलम) म्हटले की पळते. माझी मुलगी याच भुतांमध्ये वाढते आहे. तिच्या शाळेत तिसऱ्या मजल्यावरच्या स्वच्छतागृहात ती एकटी जात नाही, कारण तिसऱ्या दाराआड हानाको-सान असते. ‘स्त्री २’ तिने माझ्याबरोबर पाहिला आणि सरकट्याचे तुटलेले डोके केसांच्या विळख्यांनी माणसे ओढू लागले तेव्हा ती खदखदून हसली. पंकज त्रिपाठींचे बोलणे चालू असताना मी हसत होते तेव्हा मात्र ती उपशीर्षके वाचत गप्प होती. त्याच निर्मात्यांचा ‘मुंज्या’ पाहताना फरक आणखी वाढला. कोकणातील त्या पिंपळापाशी माझ्या पाठीतून कळ गेली, कारण आमच्या आजोळच्या पाराजवळून तिन्हीसांजेला आम्हाला जाऊ देत नसत. मुलीने झाडाकडे पाहून विचारले, ‘इथे पार्क का नाही?’

मला हानाको-सानची भीती वाटत नाही, कितीही प्रयत्न केला तरी. इथल्या कार्यालयात मी जपानीतून भांडू शकते, पालकसभेत टिपणे काढू शकते, गॉडझिलावर वाद घालू शकते. पण इथले एकही भूत माझ्या स्वप्नात आलेले नाही. आणि तिकडची जी भुते अजून येतात, त्यांच्यावर मत द्यायचा हक्क मला आहे की नाही, याचा निर्णय मावसभाऊ करतो.

खरी सल बहुधा वेळेची आहे. ‘स्त्री २’ मी घरच्या पडद्यावर पाहिला तो ऑक्टोबरात, म्हणजे माझे मत तयार झाले तेव्हा तिकडे दिवाळीतील चित्रपटांची चर्चा चालू झाली होती, आणि ऑगस्टमधल्या भांडणात माझे उत्तर शिळे होऊन पडले. जानेवारी २०२५ मध्ये निर्मात्यांनी २०२८ पर्यंतच्या आठ भयविनोदी चित्रपटांची यादी जाहीर केली आणि तिच्यात ‘स्त्री ३’ साठी १३ ऑगस्ट २०२७ ही तारीख दिली. तारीख टिकली तर ती ओबोनच्या सुट्टीत येते. त्या दिवसांत विमानाचे भाडे दुप्पट असते आणि रत्नागिरीत पाऊस, तरी जायचे मी ठरवले आहे. मध्यंतरात बाहेर उभे राहून भांडायला मिळाले, तर भाडे वसूल झाले असे समजेन.