आठवड्याचं अधिवेशन आणि मे महिन्यातला गुरुवार

२०२५ च्या डिसेंबरात नागपूरचं हिवाळी अधिवेशन ८ तारखेला सुरू झालं आणि १४ ला त्याचं सूप वाजलंसुद्धा. शनिवार-रविवारी पण कामकाज ठेवलं म्हणून निदान सात दिवस तरी भरले. मग आमच्या शाळेच्या ग्रुपवर दरवर्षीचं भांडण सुरू. एक पार्टी म्हणते ही नागपूर कराराची थट्टा आहे, १९५३ ला ठरलं की दरवर्षी ठरावीक काळ नागपुरात अधिवेशन घ्यायचं आणि चाललंय काय, मुंबईची मंडळी येतात, रविभवनात उतरतात, हुरडा खातात, संत्र्याच्या पेट्या गाडीत टाकतात की चालले परत. दुसरी पार्टी म्हणते अरे नगरपालिकांच्या निवडणुका होत्या, आचारसंहिता होती, सरकारने करायचं काय. आणि मग एकाने मला मधे ओढलं, "तू काऊन चूप आहे बे? तुमच्या टेक्ससमधे तर दोन वर्षांतून एकदाच बसतात म्हणे, अन् तिथून आम्हाला लोकशाही शिकवून राहिला!"

मी ग्रुपवर कधी लोकशाही शिकवलेली नाही, फार तर विमानाच्या तिकिटांचे भाव सांगितलेत, पण त्याचं म्हणणं खरं आहे. मी ऑस्टिनच्या उत्तरेला राहतो. इथलं विधिमंडळ विषम वर्षी जानेवारीच्या दुसऱ्या मंगळवारी बसतं आणि १४० दिवसांनी उठतं, तेही सुट्ट्या धरून १४०, आणि मग पुढच्या विषम वर्षापर्यंत नियमित अधिवेशन नाही. बजेट एकदम दोन वर्षांचं. आमदाराला पगार महिना ६०० डॉलर, अधिवेशनातल्या दिवसांचा भत्ता वेगळा, म्हणजे ज्याचा धंदा त्याच्याशिवाय पाच महिने चालू शकतो त्यानेच या भानगडीत पडायचं. तीन कोटींच्या वर लोकांचं राज्य आणि ही तऱ्हा. तर दिवसांवरूनच भांडायचं असेल तर माझी बाजू लंगडी आहे, मान्य.

पण मला दिवसांपेक्षा तारखांचं जास्त वाटतं.

आता बघा. इथलं पुढचं अधिवेशन १२ जानेवारी २०२७ ला सुरू होईल. बिलं आधीच टाकून ठेवायची सोय ९ नोव्हेंबर २०२६ पासून. साठाव्या दिवशी, म्हणजे १२ मार्चला, साधी बिलं दाखल करायची मुदत संपते, त्यानंतर टाकायचं असेल तर हजर सदस्यांपैकी चार पंचमांश लोकांनी हो म्हणायला लागतं. मग येतो १२२ वा दिवस, १३ मे, गुरुवार. खालच्या सभागृहाचं स्वतःचं बिल त्या रात्री बारापर्यंत दुसऱ्या वाचनाला, म्हणजे सभागृहात चर्चेला आणि मताला, आलं नाही तर मेलं. आणि ३१ मे ला सूप. सभागृहाचे नियम दर अधिवेशनाला नव्याने मंजूर होतात पण हा सांगाडा कित्येक वर्षं तोच आहे. म्हणजे अजून आमदार कोण निवडून येणार हेही ठरलेलं नाही, आणि मी घरी बसून सांगू शकतो की कुठल्या गुरुवारी रात्री किती वाजता बिलं मरणार. आता मुंबईच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात कुठलं बिल कुठल्या दिवशी येणार हे मला कोणीतरी सांगा. तुमच्या आमदाराला विचारा, आदल्या रात्री कामकाज पत्रिका हातात पडली की तो पण सांगेल.

आपल्याकडे कामकाज सल्लागार समिती बसते, किती दिवस ते ठरतं, पहिल्या दिवशी पुरवणी मागण्या, म्हणजे बजेटच्या वरचा जादा खर्च, टेबलावर येतात (या वेळी ७५,२८६ कोटी, आणि बोलायला आठवडा!), मग प्रश्नोत्तरं, लक्षवेधी (तातडीच्या विषयावर मंत्र्याचं उत्तर मागणाऱ्या सूचना), औचित्याचे मुद्दे, दोनचार सभात्याग, पायऱ्यांवर बॅनर घेऊन फोटो. लक्षवेधी इतक्या साठतात की सकाळी नऊला वगैरे वेगळी बैठक लावायला लागते. विरोधकांचा म्हणून एक अंतिम आठवडा प्रस्ताव असतो, नियम २९२ खाली, अधिवेशन संपताना सरकारला सगळ्या गोष्टींचा जाब विचारायला. आता अधिवेशनच एका आठवड्याचं, म्हणजे पहिला आठवडा तोच अंतिम आठवडा. वर या वेळी दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेताच नव्हता. विदर्भावरची चर्चा, जिच्यासाठी म्हणून एवढा सगळा बारदाना नागपूरला हलवतात, ती बहुतेक वेळा शेवटच्या दोन दिवसांत ढकललेली असते, मुख्यमंत्री उत्तर देतात, घोषणा होतात, राष्ट्रगीत आणि पळा. आणि त्याच शेवटच्या दिवसांत बिलं अशी येतात जशी लग्नात शेवटच्या पंगतीला वाढपी वाढतात, पानात काय पडलं ते बघायच्या आत पुढचा पदार्थ.

यात कुठल्या पक्षाला सोडायचं कारण नाही. २८ डिसेंबर २०२१ ला, तेव्हाचं हिवाळी अधिवेशन मुंबईत होतं, शेवटच्याच दिवशी सार्वजनिक विद्यापीठ कायद्यातली दुरुस्ती गोंधळात मंजूर झाली, सरकार महाविकास आघाडीचं, आणि लोकशाहीची हत्या वगैरे ओरडत होता भाजप. मग ११ जुलै २०२४, पावसाळी अधिवेशन संपायला एक दिवस बाकी, आणि बेकायदेशीर ठरवलेल्या संघटनांवर कारवाईचं जनसुरक्षा विधेयक मांडलं, आता सरकार महायुतीचं आणि ओरडणारे आघाडीवाले. तीच वाक्यं, फक्त बाकं बदललेली.

पण जनसुरक्षाचं पुढे जे झालं ते मला फार महत्त्वाचं वाटतं आणि त्यावर कोणी बोलत नाही. ते बिल त्या वेळी राहिलं, विधानसभाच संपली, डिसेंबर २०२४ ला नवीन सभागृहात परत मांडलं आणि दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं. समितीने लोकांकडून सूचना मागवल्या. किती याव्यात? बारा हजारांच्या वर! मग समितीने थोडेफार बदल सुचवले आणि १० जुलै २०२५ ला विधानसभेत, दुसऱ्या दिवशी परिषदेत आवाजी मतदानाने पास झालं. तुम्ही त्या कायद्याच्या बाजूने असा नाहीतर विरोधात, मला स्वतःला त्यातल्या व्याख्या भयंकर ढिल्या वाटतात, पण ते असो. मुद्दा हा की लोकांना वेळ दिला, पत्ता दिला, तर हजारोंनी लोक बिल वाचून लिहितात. "लोकांना कुठे इंटरेस्ट असतो" हे जे आपले लोक कायम म्हणतात ते या एका आकड्यापुढे टिकत नाही. मग बाकीची बिलं समितीकडे का जात नाहीत?

इथे बिल पुढे सरकायचं तर आधी कमिटीत जाहीर सुनावणी लागते आणि तिथे कोणीही उठून बोलू शकतो. नागरिक असायची अटसुद्धा नाही, मी गेलो तेव्हा ग्रीन कार्डावर होतो. एचओए म्हणजे इथली सोसायटी समजा, त्यांच्या दंडांवर एक बिल होतं, आम्ही तीनचार शेजारी मिळून गेलो. वर कॅपिटॉलची गुलाबी ग्रॅनाइटची भव्य इमारत, पण बऱ्याच कमिट्यांच्या खोल्या जमिनीखालच्या एक्स्टेन्शनमधे. बाहेर स्टँडवर आयपॅड लावलेले, त्यात आपलं नाव, बिलाचा नंबर, आणि बाजूने, विरोधात की नुसतं बिलाबद्दल बोलणार ते टिक करायचं. मग बसायचं. मधे आमदार सभागृहात मतदानाला गेले की सगळं थांबायचं, परत आले की चालू. आमच्या आधी एक वकील, एक घरं विकणारा एजंट, आणि एक आजी. आजींनी त्यांच्या अंगणातल्या झाडाचा फोटो प्रिंट करून आणला होता, ज्याच्यावरून त्यांना दंड झाला होता ते झाड, आणि कमिटीतल्या प्रत्येकाला एकेक कॉपी देऊन झाल्याशिवाय त्या बोलायलाच तयार नाहीत, तिकडे टायमर चालू. माझा नंबर रात्री साडेनऊला आला. दोन मिनिटं. निम्मे मेंबर मोबाईलमधे डोकं घालून. एकीने विचारलं दंड किती होता, मी आकडा सांगितला, थँक यू, नेक्स्ट. ते बिल पुढे गेलं नाही, त्यात नवल काही नाही, २०२५ ला आठ हजारांच्या वर बिलं दाखल झाली आणि बाराशेच्या आसपास पास झाली. पण माझी दोन मिनिटं रेकॉर्डवर आहेत, व्हिडिओ आजही सापडतो, आणि आजींचं झाड पण.

आता हे नागपूरशेजारी ठेवून बघा. गडचिरोलीहून रात्रभर एसटीत बसून आलेली अंगणवाडी सेविका यशवंत स्टेडियमला उतरते, मोर्च्यात चालते, बॅरिकेडपाशी थांबते. शिष्टमंडळाच्या चारपाच जणांना आत सोडतात, मंत्री किंवा त्यांचा पीए निवेदन घेतो, फोटो होतो. ती काय म्हणाली ते सभागृहाच्या कुठल्याच कागदावर येत नाही. एखाद्या आमदाराने तिचा विषय लक्षवेधीत घेतलाच तर नशीब, आणि ती पुकारली जायच्या आत अधिवेशन संपलं तर तेही गेलं. आपल्याकडे लोक अधिवेशनाला येत नाहीत असं नाही हो, जगात कुठे येत नसतील एवढे येतात, पण बाहेर. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी समाजाचा मोर्चा असाच बाहेर उभा होता आणि चेंगराचेंगरीत ११४ जीव गेले. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला त्या शहिदांचं नाव आहे, पण आतली पद्धत तीच राहिली.

आता इथलं सगळं छान छान आहे असं वाचत असाल तर थांबा. त्या १२२ व्या रात्री काय चालतं ते बघण्यासारखं असतं. बिलांची यादी ३६ तास आधी जाहीर झालेली असते, त्यामुळे कोणाचं बिल कुठे अडकलंय हे सगळ्यांना दिसत असतं, आणि ज्यांना यादीत खालचं एखादं बिल मारायचंय ते वरच्या निरुपद्रवी बिलावर बोलत बसतात. एक पुढच्या माइकवर, एक मागच्या माइकवर, एकमेकांना प्रश्न विचारतायत, शेरीफच्या गाडीला दिवे किती असावेत, घड्याळाचा काटा सरकतोय. याला इथे चबिंग म्हणतात. १९९७ ला एका बाईंनी एक हरकतीचा मुद्दा काढून एका फटक्यात पन्नासच्या वर बिलं मारली. २०१७ ला उजव्या गटाने बिनविरोध बिलांच्या यादीतलीच शंभराच्या वर मारली, त्यात बाळंतपणात मरणाऱ्या बायकांच्या अभ्यासाचं बिल पण गेलं. हा पण वेळकाढूपणाच, फक्त कोणी केला ते त्याच रात्री नावानिशी कळतं.

आणि घड्याळाच्या वर गव्हर्नर बसलेला आहेच. विशेष अधिवेशन फक्त तोच बोलावू शकतो, जास्तीत जास्त ३० दिवसांचं, आणि विषय पण तोच ठरवणार. २०१३ ला वेंडी डेव्हिस नावाच्या सिनेटर गर्भपाताच्या निर्बंधांविरुद्ध अकराएक तास उभ्या राहून बोलल्या, बसायचं नाही, टेकायचं नाही, खायचं नाही, विषय सोडायचा नाही, शेवटी गॅलरीतल्या लोकांनी इतका आरडाओरडा केला की बाराच्या आत मतदान धड झालं नाही आणि बिल गेलं. मग? गव्हर्नरने लगेच दुसरं अधिवेशन बोलावलं, जुलैत तेच पास. २०२५ च्या ऑगस्टमधे मतदारसंघांचा नकाशा मधेच बदलायला काढला तेव्हा पन्नासच्या वर डेमोक्रॅट आमदार कोरम (गणसंख्या) मोडायला राज्याबाहेर, बरेचसे इलिनॉयला, जाऊन बसले, एक विशेष अधिवेशन उठलं त्याच दिवशी गव्हर्नरने दुसरं लावलं आणि महिना संपायच्या आत कायदा झाला. आमदारांनी रिसॉर्टला जाऊन बसणं यात महाराष्ट्राने टेक्ससकडून काही शिकावं असं नाही म्हणा, आपण त्यात बरेच पुढे आहोत.

म्हणजे तारखा ठरलेल्या असल्या की जबरदस्ती थांबते असं नाही. ज्याच्याकडे सत्ता आहे तो करून घेतोच. पण त्याला ते उघड्यावर, जास्तीचं अधिवेशन बोलावून, स्वतःच्या नावावर करायला लागतं, शेवटच्या दुपारी गोंधळाच्या आड उरकता येत नाही.

त्यामुळे ग्रुपवरच्या त्या भांडणात मी कुठल्याच पार्टीत नाही. नागपूरला दोन आठवडे द्या ही मागणी चांगलीच आहे, पण पद्धत हीच ठेवून दोन आठवडे दिले तर दुसऱ्या आठवड्याच्या शेवटच्या दोन दिवसांत हेच होणार. त्यापेक्षा एवढं मागा की बिलाचा मसुदा मराठीतून सात दिवस आधी विधिमंडळाच्या वेबसाइटवर आला पाहिजे, अधिवेशनाच्या शेवटच्या तीन दिवसांत नवीन बिल मांडायचं नाही, आणि खरंच आग लागली असेल तर कारण लेखी देऊन दोन तृतीयांश मतांनी सूट घ्या. याला घटनादुरुस्ती लागत नाही, स्वतःच्या कामकाजाचे नियम करायचा अधिकार कलम २०८ ने सभागृहाला दिलेलाच आहे, नियम समितीने मनावर घेतलं की झालं. खर्च शून्य, आणि नागपूर काय मुंबई काय, दोन्हीकडे लागू.

मागायला कोणी हवं तर ते आज विरोधात बसलेल्यांनी. पण २०२१ च्या डिसेंबरात तेच सत्तेत होते आणि उद्या परत येऊ या आशेवर आहेत, तेव्हा शेवटचा दिवस मोकळा असणं किती सोयीचं असतं हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.